फवारणी करणाऱ्याच्या घरातील गर्भारपण आणि सॅलिनास खोऱ्यातील संशोधन

तासगाव तालुक्यातील एका तरुण द्राक्ष बागायतदाराने विचारलेल्या प्रश्नाचा आशय असा: अडीच एकर बाग आहे आणि घर बागेतच आहे. पत्नीला चौथा महिना चालू आहे. मजूर मिळत नाहीत म्हणून तीही फेलफूट (नको असलेली फूट) काढणे, डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे) अशा कामांना येते. औषधे मी स्वतः ब्लोअरने मारतो. मला आजवर कधी विषबाधा झालेली नाही. फवारणीच्या औषधांमुळे पोटातील बाळाची बुद्धी कमी होते, असे एका अमेरिकन संशोधिकेने सिद्ध केल्याचे वाचनात आले. हे खरे आहे का, रक्ताच्या तपासणीत ते कळते का, आणि आता काय करावे?

आधी थोडक्यात उत्तर देतो. संशोधन खरे आहे, पण ‘सिद्ध केले’ हा शब्द बातमीचा आहे, संशोधिकेचा नव्हे. रक्ताच्या तपासणीतून बाळाच्या बुद्धीबद्दल काहीही कळत नाही. करण्यासारखे मात्र पुष्कळ आहे, आणि त्यातील बहुतेक गोष्टी तुमच्या पत्नीने नव्हे, तर तुम्ही करायच्या आहेत.

मी मिरजेत सव्वीस वर्षे फिजिशियन म्हणून काम करीत आहे. ऑक्टोबर छाटणीनंतरचे दोन-अडीच महिने तासगाव, कवठेमहांकाळ, पलूस या बाजूंनी फवारणीनंतर त्रास झालेले रुग्ण येतात. तीव्र विषबाधा ओळखायला फारसे कौशल्य लागत नाही. तोंडाला पाणी सुटलेले असते, अंग घामाने निथळत असते, छातीत घरघर असते, दंडावरचे मांस आपोआप लवत असते, आणि डोळ्यात टॉर्च मारली तर बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी दिसते. ॲट्रोपिन हा उतारा सुरू केल्यावर घाम आटतो, छाती मोकळी होते आणि नातेवाइकांच्या जिवात जीव येतो. तुमचा प्रश्न या रुग्णांबद्दलचा नाही. ज्याला कधी काहीच झाले नाही, त्याच्या घरात काय होत असेल, हा तुमचा प्रश्न आहे, आणि तो अधिक अवघड आहे.

उत्तराकडे वळण्यापूर्वी एका शब्दाबद्दल. आपल्याकडे फवारणीच्या प्रत्येक द्रव्याला ‘औषध’ म्हणतात. रुग्णाच्या भावाला ‘कोणते औषध मारले होते?’ असे विचारले की ‘डाऊनीचे’ असे उत्तर येते. डाऊनी हा द्राक्षावरचा बुरशीजन्य रोग; शेतकऱ्याला ते उत्तर पुरते, डॉक्टरला पुरत नाही. डाऊनीवर मॅन्कोझेब हे बुरशीनाशक मारतात, बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण) मारतात, आणखी चार प्रकारची आंतरप्रवाही बुरशीनाशके मारतात, आणि त्याच टाकीत पुष्कळदा एखादे कीटकनाशकही घातलेले असते. शरीरावर या प्रत्येकाचा परिणाम निराळा असतो. तुम्ही वाचलेले संशोधन यांतील एकाच गटाचे आहे. तो गट ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकांचा, म्हणजे क्लोरपायरीफॉस, मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, मॅलाथिऑन यांचा. तुमच्याकडे द्राक्षाच्या शेजारी ऊस असेल, तर हुमणीसाठी किंवा वाळवीसाठी क्लोरपायरीफॉसचा डबा घरात येऊन गेलेला असण्याची शक्यता बरीच आहे.

संशोधिकेचे नाव ब्रेंडा एस्केनाझी. त्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील साथरोगशास्त्रज्ञ आहेत. (या शास्त्राच्या मराठी नावात ‘साथ’ असली, तरी त्यांचे काम साथींचे नाही, पुष्कळ माणसे पुष्कळ वर्षे पाहून कोणाला काय होते आणि का होते, हे शोधणे हा त्या शास्त्राचा खरा विषय आहे.) त्यांनी १९९९-२००० मध्ये कॅलिफोर्नियातील सॅलिनास खोऱ्यात ६०१ गर्भवती स्त्रियांची नोंदणी केली. हे खोरे लेट्यूस आणि स्ट्रॉबेरीचे आहे, आणि या स्त्रिया बहुतांशी मेक्सिकोतून आलेल्या शेतमजूर कुटुंबांतील होत्या. प्रकल्पाचे नाव ‘चामाकोस’. मेक्सिकन बोलीत त्याचा अर्थ ‘पोरं’. प्रत्येक स्त्रीची लघवी गर्भारपणात दोनदा, साधारण तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात, तपासण्यात आली. शरीर ऑरगॅनोफॉस्फेट मोडून टाकते तेव्हा डायअल्किल फॉस्फेट नावाचे तुकडे लघवीतून बाहेर पडतात. जळून गेलेल्या लाकडाची राख मोजावी, तसे हे तुकडे मोजले गेले. त्यानंतर मुले जन्मली आणि संशोधक त्यांच्या मागे वर्षानुवर्षे राहिले.

नवजात बाळांच्या प्रतिक्षिप्त क्रियांत काही फरक दिसले, दोन वर्षांच्या मुलांच्या मानसिक विकासाच्या चाचणीत दिसले, पाच वर्षांच्या मुलांच्या लक्ष एकाग्र करण्यात दिसले. सर्वांत जास्त गाजला तो २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष. सात वर्षांच्या ३२९ मुलांची बुद्ध्यंक चाचणी घेतली, तेव्हा गर्भारपणात ज्या मातांच्या लघवीतील प्रमाण सर्वांत वरच्या पंचमांशात होते त्यांच्या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक सर्वांत खालच्या पंचमांशातील मातांच्या मुलांपेक्षा ७ गुणांनी कमी आढळला. जन्मानंतर मुलांच्या स्वतःच्या लघवीत सापडलेल्या प्रमाणाचा मात्र बुद्ध्यंकाशी असा सुसंगत संबंध दिसला नाही. म्हणजे काळजीचा काळ मुख्यतः पोटातला आहे. यामागचे एक संभाव्य कारण असे की, ही द्रव्ये निष्प्रभ करण्यास मदत करणारे पॅराऑक्सोनेज नावाचे एक विकर नवजात बाळात आईच्या तुलनेत बरेच कमी असते, आणि ते मोठ्या माणसाच्या पातळीवर यायला वर्षे जातात.

या निष्कर्षाला बळ आले ते त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कमधील दोन स्वतंत्र अभ्यासांमुळे. कोलंबिया विद्यापीठाच्या व्हर्जिनिया राऊ यांच्या गटाने जन्मावेळी नाळेच्या रक्तातील क्लोरपायरीफॉस मोजले होते, तर माउंट सायनायच्या गटाने एस्केनाझी यांच्याप्रमाणे गर्भवतींची लघवी तपासली होती. दोघांनाही साधारण त्याच दिशेचा परिणाम दिसला. न्यूयॉर्कच्या त्या स्त्रिया शेतावर पाऊलही ठेवत नव्हत्या. राऊ यांनी पाहिलेल्या घरांत हे द्रव्य मुख्यतः झुरळे मारण्याच्या फवाऱ्यातून आले होते. पुढे युरोपीय संघाने २०२० च्या सुरुवातीला क्लोरपायरीफॉसची मान्यता थांबवली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील त्याचा जवळजवळ सर्व शेतीवापर बंद झाला.

आता ‘सिद्ध’ या शब्दाबद्दल. हे निरीक्षणावर आधारलेले अभ्यास आहेत. गर्भवतींना मुद्दाम विष देऊन प्रयोग करता येत नाही, आणि करूही नये. लघवीतील ते तुकडे काही दिवसांतच निघून जातात, त्यामुळे दोन नमुन्यांवरून नऊ महिन्यांचा अंदाज बांधावा लागतो. शिवाय काही तुकडे अन्नावर आधीच मोडलेल्या अवस्थेतही असतात. आईचे शिक्षण, घरची गरिबी, घरात बोलली जाणारी भाषा यांचाही मुलाच्या चाचणीवर परिणाम होतो. संशोधकांनी त्याचा हिशेब केला, पण असा हिशेब कधीच शंभर टक्के होत नाही. आणि ७ गुण हा दोन गटांच्या सरासरीतला फरक आहे. तुमच्या बाळाचे ७ गुण कमी होतील, असा त्याचा अर्थ मुळीच होत नाही. तरीही माझे मत विचाराल, तर वेगवेगळ्या ठिकाणच्या तीन गटांना एकाच दिशेचा परिणाम दिसतो आणि त्याला शरीरशास्त्रात पटण्याजोगे कारण सापडते, तेव्हा गर्भवतीच्या बाबतीत पूर्ण सिद्धतेची वाट पाहणे शहाणपणाचे नाही. याउलट, फवारणीचे प्रत्येक द्रव्य प्रत्येक रोगाला कारणीभूत ठरवणाऱ्या बातम्यांवर मी विश्वास ठेवत नाही. अमेरिकेतील आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत १९९३ पासून सुमारे ८९ हजार फवारणीकर्ते आणि त्यांचे जोडीदार यांचा अभ्यास चालू आहे. पॅराक्वाट हे तणनाशक आणि रोटेनोन हे कीटकनाशक वापरणाऱ्यांत पार्किन्सन या कंपवाताच्या आजाराचे प्रमाण जास्त असल्याचे त्यात आढळले, आणि ग्लायफोसेट या तणनाशकाचा एकूण कर्करोगाशी संबंध आढळला नाही. दोन्ही निष्कर्ष एकाच अभ्यासातले आहेत.

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य ‘मला कधी विषबाधा झालेली नाही’ हे आहे, आणि तुम्ही ते दिलासा म्हणून लिहिले आहे. सॅलिनासच्या त्या मातांनाही विषबाधा झालेली नव्हती. त्या उलट्या करत दवाखान्यात आल्या नव्हत्या. नेहमीच्या तपासणीला आल्या होत्या. आपल्याकडे औषधाचा वास आला किंवा मळमळले, तर औषध ‘लागले’, नाहीतर नाही, असे धरून चालतात. वास हा बहुधा त्यात मिसळलेल्या द्रावकाचा असतो, आणि वास न येणारे द्रव्य त्वचेतून निवांत आत जात असते.

त्वचेच्या बाबतीत एक जुना प्रयोग मी फवारणी करणाऱ्या प्रत्येक रुग्णाला सांगतो. सॅन फ्रान्सिस्कोचे त्वचारोगतज्ज्ञ हॉवर्ड मायबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये पॅराथिऑन हे ऑरगॅनोफॉस्फेट माणसाच्या शरीराच्या निरनिराळ्या भागांवर लावून त्यातले किती आत जाते, हे मोजले. कोपराखालच्या हातातून सुमारे ९ टक्के, तळहातातून १२ टक्के, डोक्याच्या त्वचेतून ३२ टक्के, कपाळातून ३६ टक्के, काखेतून ६४ टक्के आणि वृषणावरच्या त्वचेतून जवळजवळ सगळेच. हे आकडे डोळ्यांसमोर ठेवून आपल्या बागेतील माणूस पाहा. पाठीवरच्या पंपाचे झाकण गळते आणि द्रावण कमरेवरून चड्डीपर्यंत उतरते. मांडवाखाली ब्लोअर चालवताना तुषार वर जाऊन पुन्हा चालकाच्या डोक्यावर आणि कपाळावर पडतात, आणि तो त्याच बाहीने घाम पुसतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर फवारणीच्या विषबाधेने दगावले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती आणि फवारणी खांद्याच्या वर चालली होती, हे त्यामागच्या कारणांपैकी एक होते. आपला मांडव तर दरवर्षीच डोक्यावर असतो.

टाकी भरण्याचे काम पाच मिनिटांचे, म्हणून तिथे कोणी हातमोजे घालत नाही. पण त्या पाच मिनिटांत हाताळले जाते ते पाण्यात न मिसळलेले, डब्यातले मूळ द्रव्य. बॅरलमध्ये कोपरापर्यंत हात घालून ढवळणारे आणि तुंबलेले नोझल तोंडाने फुंकणारे बागायतदार मी पाहिले आहेत. त्यातले काही पदवीधर होते.

पत्नीच्या कामाबद्दल मला फ्रान्समधील संशोधन अधिक जवळचे वाटते, कारण ते द्राक्षाचेच आहे. बोर्दो येथील इझाबेल बाल्दी यांनी तिथल्या द्राक्षमळ्यांत काम करणाऱ्यांच्या कपड्यांवर आणि त्वचेवर किती द्रव्य बसते, हे मोजले. फवारणी झालेल्या बागेत नंतर पाने काढायला, वेली बांधायला जाणाऱ्यांच्या अंगावर येणारे प्रमाण दुर्लक्ष करण्याजोगे नव्हते; काही दिवशी तर ते फवारणी करणाऱ्यापेक्षाही जास्त भरले. त्यांच्याच दुसऱ्या एका दीर्घ अभ्यासात वर्षानुवर्षे या द्रव्यांच्या संपर्कात राहिलेल्या मळेकामगारांची स्मरण आणि लक्ष यांच्या चाचण्यांतील कामगिरी कमी आढळली. हे वाचून डिपिंग करणाऱ्या बायकांचे हात आठवतात. डिपिंगचे संजीवक, जिबरेलिक ॲसिड, स्वतः फारसे विषारी नाही. पण ज्या घडांभोवती, पानांभोवती दिवसभर हात फिरतात, त्यांवर आदल्या दिवशीची फवारणी वाळून बसलेली असते. विरळणीच्या वेळी तर त्याच हातांनी भाकरी खाल्ली जाते.

म्हणून बाळंतपण होईपर्यंत तुमच्या पत्नीने बागेतील घडांचे आणि पानांचे काम करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मजुरीचा खर्च वाढेल, हे मला माहीत आहे. अगदीच निभावत नसेल, तर लेबलवर फवारणीनंतर पुन्हा बागेत जाण्याबद्दल दिलेली मुदत पूर्ण पाळूनच, पूर्ण बाहीचे कपडे आणि नायट्राइलचे हातमोजे घालून जावे. कापडी मोजे ओले झाले की द्रव्य त्वचेशी धरून ठेवतात, ते मोजे नसल्यापेक्षा वाईट. औषध कालवणे आणि छाटणीनंतर काडीला पेस्टिंग करणे (डोळे फुटण्यासाठी द्रव्य लावणे) ही दोन कामे तिने कोणत्याही परिस्थितीत करू नयेत. पेस्टिंगच्या हायड्रोजन सायनामाइडबद्दल तुम्हालाही एक सांगतो: ते यकृतातील दारू पचवणारी साखळी अडवते, त्यामुळे त्या दिवशी किंवा पुढचे काही दिवस थोडी जरी दारू घेतली तरी तोंड लालबुंद होते, धडधड होते, रक्तदाब उतरतो. पेस्टिंगच्या हंगामात रात्री असे रुग्ण आले की ‘दारूत काहीतरी होते’ असे घरचे सांगतात. दारू नेहमीचीच असते, दिवसभराचे काम निराळे असते.

आता घराकडे. सॅलिनासच्या संशोधकांनी पुढे स्ट्रॉबेरीच्या मजुरांबरोबर एक साधा प्रयोग केला. हातमोजे, अंगावर घालायचे जादा कपडे आणि हात धुण्याची सोय एवढेच देऊन पाहिले, तेव्हा मोजे वापरणाऱ्यांच्या लघवीतील मॅलाथिऑनचे अंश कमी आढळले. म्हणजे हे टाळता येण्याजोगे आहे, आणि परिणाम मोजता येण्याइतका आहे. तुमच्या घरापुरते सांगायचे, तर फवारणीचे कपडे बाहेरच्या मोरीवर काढून, साबणाने डोक्यासह अंघोळ करून मगच घरात या. ते कपडे इतर कपड्यांत मिसळू नका, आणि ते तुम्ही स्वतः धुवा. गावात लोक हसतील, हसू द्या. तोंडाला बांधलेला टॉवेल हा मास्क नव्हे. तुषारांनी भिजलेला तो कपडा नाकासमोर तासन्‌तास राहतो. घर बागेतच असल्यामुळे फवारणीच्या वेळी खिडक्या बंद, पाण्याच्या टाकीला झाकण, आणि अंगणातील वाळवण व दोरीवरचे कपडे आत. वारा घराच्या दिशेने असेल, तर त्या बाजूच्या ओळी दुसऱ्या वेळी घ्या. डबे कुलपात ठेवा, आणि उरलेले द्रव्य थंड पेयाच्या बाटलीत कधीही ओतू नका. त्या एका सवयीने मी पाहिलेली लहान मुले मला विसरता येत नाहीत.

तपासणीबद्दल. कोलिनेस्टरेज या विकराची रक्तातील तपासणी मिरज-सांगलीत सहज होते, आणि लोक ती ‘विषाची टेस्ट’ म्हणून करून घेतात. ती फक्त ऑरगॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट या, हे विकर बंद पाडणाऱ्या, कीटकनाशकांच्या दोन गटांचा परिणाम दाखवते. मॅन्कोझेब, तांबे, सायनामाइड यांबद्दल ती काहीच बोलत नाही. प्रत्येक माणसाची पातळी जन्मतःच निराळी असते, त्यामुळे एकदाच केलेल्या तपासणीचा आकडा ‘नॉर्मल’ असला, तरी तो त्याच्या स्वतःच्या पातळीपेक्षा बराच उतरलेला असू शकतो. कॅलिफोर्नियात १९७४ पासून फवारणी कामगारांची ही तपासणी कायद्याने होते. त्या पद्धतीत हंगामाआधी मूळ पातळी घेतात. ती ८० टक्क्यांवर आली की कामाची पद्धत तपासतात, आणि लाल पेशींतील विकर ७० टक्क्यांवर किंवा रक्तद्रवातील ६० टक्क्यांवर आले की माणसाला त्या कामावरून दूर करतात. तुम्हाला हे करायचे असेल, तर मूळ पातळीची योग्य वेळ म्हणजे द्राक्ष उतरल्यावर आणि खरड (एप्रिल) छाटणीच्या फवारण्या सुरू होण्यापूर्वी, कारण तेव्हा महिनाभर तरी पंप बंद असतो. पत्नीची ही तपासणी मी सुचवणार नाही. गर्भारपणात रक्तद्रवातील कोलिनेस्टरेज नैसर्गिकपणेच उतरते. तो कमी आकडा पाहून घाबरलेली जोडपी माझ्याकडे आलेली आहेत. सोनोग्राफीत बाळाचे अवयव दिसतात, बुद्धी दिसत नाही. ती ठरल्याप्रमाणे करावी, पण या प्रश्नाचे उत्तर तिच्यात शोधू नये.

तिची थायरॉइडची तपासणी मात्र झालेली नसेल, तर या आठवड्यात करून घ्या. मॅन्कोझेब शरीरात मोडताना इथिलीन थायोयुरिया तयार होते आणि ते थायरॉइडच्या कामात अडथळा आणू शकते. गर्भाच्या मेंदूला सुरुवातीच्या महिन्यांत आईचेच थायरॉइड संप्रेरक लागते. युरोपीय संघाने डिसेंबर २०२० मध्ये मॅन्कोझेबची मान्यता काढून घेण्याचा निर्णय घेतला, तेव्हा प्रजननावरील परिणाम आणि संप्रेरकांमधील अडथळा हीच मुख्य कारणे होती. आयोडीनयुक्त मीठ चालू ठेवा. बोर्डोबद्दल ‘ते तर नैसर्गिकच’ असा समज आहे, म्हणून एवढेच सांगतो की, पोर्तुगालमधील डॉक्टरांनी १९६९ मध्ये बोर्डो फवारणाऱ्या मळेकामगारांच्या फुप्फुसांत तांबे साठून गाठी झाल्याचे वर्णन केले होते, आणि त्या आजाराला द्राक्षमळ्याच्या फवारणीवाल्याचेच नाव पडले.

झालेल्या तीन महिन्यांचे काय, हे तुम्ही विचारलेले नाही, पण ते तुमच्या मनात असणार. ऑरगॅनोफॉस्फेट शरीरात साठून राहणारी द्रव्ये नाहीत. संपर्क थांबला की लघवीतील प्रमाण दिवसांत उतरते. उरलेले पाच महिने तुमच्या हातात आहेत, आणि बाळाच्या मेंदूची मोठी वाढ याच महिन्यांत व्हायची आहे. गर्भपाताचा विचार तुमच्या पत्रात पुसटसा डोकावतो. त्याला या संशोधनात कोणताही आधार नाही.

शेवटी एक विनंती. २००३ मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत मर्यादेपेक्षा जास्त अंश सापडल्यानंतर निर्यातीच्या बागांची तपासणी सुरू झाली; पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र त्यात काम करते, आणि तेव्हापासून निर्यातदार बागायतदार कोणत्या तारखेला कोणते द्रव्य किती मारले, याची वही ठेवतात. घडासाठी ठेवलेली ती वही तुमच्याकडे असेलच. पत्नीच्या पुढच्या तपासणीला जाताना ती बरोबर घ्या आणि पाळी चुकली त्या महिन्यापासूनची पाने डॉक्टरांना दाखवा.